पाच वर्षांची मुदत आणि भिंतीतली ओल

मावळातले सुदुंबरे वारकऱ्यांना ठाऊक आहे ते संताजी जगनाडे महाराजांच्या समाधीमुळे. बातम्या वाचणाऱ्यांना ते आता आणखी एका कारणाने ठाऊक झाले आहे. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची, म्हणजे एनडीआरएफची पाचवी बटालियन या गावात आहे. महाराष्ट्रात इमारत कोसळली की ढिगारा उपसायला जाणाऱ्या तुकड्या बहुतेक वेळा इथल्याच असतात. २४ ऑगस्ट २०२० ला संध्याकाळी महाडमधली तारिक गार्डन ही पाच मजली इमारत कोसळली आणि १६ जणांचा जीव गेला. दुसऱ्या दिवशी ढिगाऱ्यातून चार वर्षांचा एक मुलगा जिवंत निघाला, ते दृश्य अनेकांच्या लक्षात असेल. इमारत जेमतेम दशकभराची होती. बिल्डर, आर्किटेक्ट, आरसीसी सल्लागार आणि नगरपालिकेशी संबंधित दोघे अशा पाच जणांवर गुन्हा दाखल झाला. त्यानंतर पाच वर्षांनी, २६ ऑगस्ट २०२५ च्या रात्री विरारमध्ये रमाबाई अपार्टमेंटचा भाग कोसळला आणि १७ जण गेले. ती इमारत तर अनधिकृतच होती.

सदोष बांधकामाचे हे शेवटचे टोक झाले. पहिले टोक सुदुंबरे, तळेगाव, वडगाव, चाकण या पट्ट्यात उभ्या राहिलेल्या इमारतींत घरोघर दिसते. पहिल्याच पावसाळ्यात पश्चिमेच्या भिंतीवर उमटलेला ओलीचा डाग, न्हाणीघराच्या छतातून टपकणारे पाणी, पार्किंगच्या तुळईला गेलेली बारीक भेग, टकटक केले की पोकळ वाजणारे प्लास्टर. आयुष्यभराची बचत आणि वीस वर्षांचे कर्ज घालून घेतलेल्या घरात असे काही दिसले की माणूस आधी बिल्डरच्या ऑफिसात जातो, मग सोसायटीच्या ग्रुपवर लिहितो, आणि वकिलाकडे पोचतो तोवर बहुधा उशीर झालेला असतो. दाव्यांची बाजू आणि बचावाची बाजू दोन्ही पाहिल्या, तर या सगळ्या वादाच्या मुळाशी एकच अडचण दिसते. कायद्याची मुदत ताब्याच्या तारखेपासून धावू लागते. पाणी आणि गंज यांना त्या तारखेशी काही देणेघेणे नसते.

महाराष्ट्रात या विषयावरचा पहिला ठोस कायदा १९६३ चा, ज्याला सगळे ‘मोफा’ म्हणतात. त्याच्या कलम ७ नुसार ताबा दिल्यापासून तीन वर्षांत इमारतीतला किंवा वापरलेल्या मालातला दोष, किंवा परवानगीशिवाय केलेला बदल बिल्डरच्या नजरेस आणून दिला, तर शक्य तिथे त्याने तो फुकट दुरुस्त करायचा आणि शक्य नसेल तिथे वाजवी भरपाई द्यायची. दोष आहे की नाही यावर वाद झाला तर निर्णय कोर्टाऐवजी सरकारी अधिकाऱ्याकडे नेण्याची वाटही त्यात होती. ती वाट फारशी रुळली नाही. सर्वसामान्य सदनिकाधारकाला हे कलम आहे हेच माहीत नव्हते, आणि ज्यांना माहीत होते त्यांची तीन वर्षे बिल्डरच्या आश्वासनांत निघून जायची.

केंद्राचा स्थावर संपदा कायदा, म्हणजे रेरा, २०१६ मध्ये आला आणि १ मे २०१७ पासून पूर्णपणे लागू झाला. त्याचे कलम १४(३) हा आजच्या बहुतेक दाव्यांचा पाया आहे. मुदत तीनावरून पाच वर्षांवर गेली. संरचनेतला दोष, कारागिरीतला दोष, दर्जातली किंवा सेवांमधली उणीव, करारातली इतर कुठलीही जबाबदारी, असा दोषाचा अर्थही रुंदावला. नजरेस आणून दिल्यापासून तीस दिवसांत बिल्डरने स्वतःच्या खर्चाने दुरुस्ती करायची. नाही केली तर भरपाई. कायदा मोडला तर प्रकल्पाच्या अंदाजित खर्चाच्या पाच टक्क्यांपर्यंत दंडाची तरतूद वेगळी. आणखी एक गोष्ट फार जणांना ठाऊक नसते. पुनर्विक्रीत फ्लॅट घेणाराही कायद्याच्या व्याख्येत बसतो, त्यामुळे पहिल्या मालकाची उरलेली मुदत त्याला मिळते. भाडेकरूला ती मिळत नाही.

पाच वर्षे ऐकायला भरपूर वाटतात. एका भिंतीकडे जवळून पाहिले तर त्यातली किती हाताशी उरतात ते कळते.

हल्लीच्या इमारतीत भार पेलतात ते आरसीसीचे खांब आणि तुळया. मधल्या भिंती म्हणजे विटांचा किंवा हलक्या ब्लॉकचा नुसता भराव. गवंडी भिंत चढवत तुळईच्या तळापर्यंत आणतो, आणि शेवटचा थर व तुळई यांच्यामधली दोन-तीन सेंटीमीटरची फट मालाने ठासून भरायची असते. भिंत आधी काही दिवस बसू द्यायची, मग फट भरायची, दोन वेगळ्या पदार्थांच्या सांध्यावर कोंबडीजाळी ठोकायची आणि त्यावर प्लास्टर चढवायचे, ही रीत. घाईच्या साइटवर फट त्याच दिवशी वरवर भरतात, जाळी राहून जाते. उन्हाळ्यात काँक्रीट आणि वीट वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावतात आणि बरोबर त्या सांध्यावर आडवी केसासारखी भेग पडते. मावळात जून ते सप्टेंबर पाऊस पश्चिमेच्या वाऱ्यासोबत आडवा मारतो. भेगेतून पाणी आत शिरते, तुळईच्या कडेने सरकते आणि डाग भलत्याच ठिकाणी, कधी कधी शेजारच्या खोलीत उमटतो. पहिल्या वर्षी बिल्डरची माणसे येतात, पुट्टी भरून रंग मारून जातात. दुसऱ्या पावसाळ्यात डाग परत येतो, पुन्हा पुट्टी. तिसऱ्या वर्षी रंगाचा ठेकेदार बदलतो. चौथ्या वर्षी कुणीतरी म्हणते की बाहेरून मचाण बांधून सांधेच उघडायला हवेत. तोवर बिल्डरचे साइट ऑफिस बंद झालेले असते.

लोणावळा-खंडाळ्याकडे तर आणखी एक भानगड आहे. तिथली कितीतरी घरे सुट्टीपुरती उघडतात. वर्षाला चार-साडेचार हजार मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या गावात पावसाळाभर कुलूप असते आणि दिवाळीत दार उघडले की कपाटाच्या मागे काळी बुरशी दिसते. गळती नेमकी कधी सुरू झाली हे मालकाला सांगता येत नाही. ताब्याच्या तारखेपासून मुदत मात्र सरतच असते.

आता बिल्डरची बाजू. ती ऐकून घेतलीच पाहिजे, कारण अनेक दावे तिथेच ढासळतात.

पुण्याकडच्या असंख्य करारनाम्यांत दोषदायित्वाच्या कलमाला एक लांबलचक शेपूट जोडलेले असते. लेखी परवानगीशिवाय न्हाणीघर, संडास किंवा स्वयंपाकघरात फिटिंग, पाइप, नळजोडणी यांत बदल केला आणि त्यातून पाणी झिरपले, तर दोषदायित्व आपोआप रद्द. नेहमीच्या वापराने होणारी झीज म्हणजे दोष नव्हे. आणि तापमानात वीस अंशांहून जास्त फरक पडल्याने भिंतींना पडणाऱ्या केसासारख्या भेगा, आरसीसीचा सांगाडा सोडून, दोषात धरायच्या नाहीत. हा मजकूर उगीच लिहिलेला नाही. न्हाणीघराखालचा स्लॅब खोलगट ठेवतात. त्या खड्ड्यात जलरोधक थर देऊन, काही दिवस पाणी कोंडून तपासून, मग विटांचे तुकडे आणि माल भरून त्यावर फरशी बसवतात. नवा मालक आल्या आल्या ‘इंटिरियर’ करताना ती फरशी छिन्नीने उखडतो, शॉवरची जागा बदलतो, आणि खालच्या घरात गळती सुरू होते. एसीच्या पाइपसाठी तुळईला भोक पाडणारे, बाल्कनी बंद करून तिथे ओटा बांधणारे, गच्चीच्या वॉटरप्रूफिंगमध्ये खिळे ठोकून सोलर बंबाचा सांगाडा उभा करणारे सगळीकडे आहेत. अशा घरांतली गळती बिल्डरच्या माथी मारणे हा अन्यायच आहे.

पण या कलमाचा वापर त्यापलीकडे होतो. तिसऱ्या मजल्यावर कुणी फरशी बदलली म्हणून सातव्या मजल्याच्या बाहेरच्या भिंतीची जबाबदारी झटकता येत नाही. बदल आणि दोष यांचा संबंध दाखवावा लागतो, आणि तो सांगायचा असेल तर पुराव्यानिशी सांगावा लागतो. शिवाय कलम १४(३) हे कायद्याने घातलेले कर्तव्य आहे. कराराच्या शेपटीने ते छाटता येत नाही. डिसेंबर २०२२ मध्ये महारेराने, म्हणजे रेराखालच्या महाराष्ट्राच्या नियामक प्राधिकरणाने, स्पष्ट केले की करारनाम्यातल्या काही तरतुदींना हात लावता येणार नाही, आणि त्यांत दैवी आपत्ती, चटई क्षेत्र आणि अभिहस्तांतरणाबरोबर दोषदायित्वाचा कालावधीही आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये पायोनियर अर्बन प्रकरणात बिल्डरने एकतर्फी लिहिलेल्या अटी म्हणजे अनुचित व्यापारी प्रथा ठरवल्या होत्या. तो वाद ताब्याला झालेल्या उशिराचा होता, पण ठिपक्यांच्या रेषेवर सही करण्यापलीकडे ग्राहकाला पर्यायच नव्हता हा मुद्दा इथेही लागू पडतो.

केसासारख्या भेगेचा बचाव तर मोजपट्टीवर तपासता येतो. आरसीसीच्या घटकांसाठी भारतीय मानक ४५६ मध्ये भेगेच्या रुंदीच्या मर्यादा आहेत: सर्वसाधारण परिस्थितीत ०.३ मिलिमीटर, सतत ओलाव्यात किंवा मातीच्या संपर्कात असलेल्या घटकाला ०.२ मिलिमीटर. भेगमापक पट्टी स्वस्तात मिळते. तारखेसह काढलेला पट्टीचा फोटो आणि सहा महिन्यांनी त्याच जागेचा दुसरा फोटो हे पानभर तक्रारीपेक्षा मोलाचे ठरतात.

दुसरा नेहमीचा बचाव देखभालीचा. सोसायटीने गच्ची साफ ठेवली नाही, पन्हाळी तुंबल्या, लिफ्टचा वार्षिक करार संपू दिला, सांडपाणी शुद्धीकरणाचा प्लांट (एसटीपी) नीट चालवला नाही. यात तथ्य असते तिथे दाव्याला धक्का बसतो, आणि बसायलाच हवा. अमेरिकेत फ्लोरिडातल्या सर्फसाइड इथली चॅम्प्लेन टॉवर्स ही समुद्राकाठची इमारत २४ जून २०२१ ला कोसळून ९८ जण गेले. जलतरण तलावाच्या भोवतालच्या स्लॅबचे वॉटरप्रूफिंग निकामी झाल्याचे २०१८ मध्येच एका अभियंत्याने लिहून दिले होते. मोठ्या खर्चाच्या वर्गणीवरून सदनिकाधारकांत वाद चालू राहिले आणि काम मागे पडले. नंतर दिवाणी दाव्यांत एक अब्ज डॉलरहून मोठी तडजोड झाली, पण माणसे परत आली नाहीत. आपल्याकडे गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचे दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचे दर तीन वर्षांनी संरचनात्मक परीक्षण सांगितले आहे. सर्वसाधारण सभेत हा विषय निघाला की खर्चाचे नाव ऐकूनच तो पुढच्या सभेवर ढकलला जातो.

तिसरा बचाव पुरवठादाराचा. लिफ्ट अमुक कंपनीची, नळ तमुक कंपनीचे, त्यांची हमी संपली, तिकडे बोला. याला फार किंमत देऊ नये. खरेदीदाराचा करार बिल्डरशी असतो. ठेकेदाराशी आणि पुरवठादाराशी बिल्डरने काय ठरवले तो त्यांचा आपसातला हिशेब. ‘ताबा घेताना सर्व काही पाहून समाधानी आहे’ या छापील पत्रावरची सहीसुद्धा अशीच. उघड्या डोळ्यांना दिसणारा तडा त्या पत्राने झाकता येईल, पण भिंतीच्या पोटातला दोष त्या दिवशी दिसणारच नव्हता.

चौथा बचाव मात्र खरोखर धारदार आहे, तो म्हणजे मुदतीचा. पाच वर्षे ताब्यापासून. पण प्रत्येक फ्लॅटचा ताबा वेगवेगळ्या महिन्यात, मग गच्ची, जिना, पाण्याची टाकी, संरक्षक भिंत यांची मुदत कुठल्या दिवसापासून मोजायची? कायद्याच्या शब्दांत याचे सरळ उत्तर नाही. सामायिक भागांचा ताबा संस्थेकडे रीतसर सोपवला त्या दिवसापासून, ही मांडणी सदनिकाधारकांच्या सोयीची आणि न्यायाचीही आहे. त्या सोपवण्याचा सही-शिक्क्याचा कागद मात्र हवा. बहुतेक ठिकाणी असा कागदच झालेला नसतो. निम्म्याहून जास्त सदनिकांचे बुकिंग झाल्यापासून तीन महिन्यांत संस्था स्थापण्यासाठी पावले उचलणे हे बिल्डरचे कर्तव्य आहे, तरी प्रत्यक्षात दोन-दोन वर्षे त्याच्याच माणसांच्या हाती कारभार राहतो. या काळात तक्रारवही कुणाकडे असते? त्याच माणसांकडे. म्हणजे पाच वर्षांतला सर्वांत महत्त्वाचा पुरावा समोरच्या पक्षाच्या कपाटात जमा होतो.

इथे सोसायटी आणि अपार्टमेंट यांतला फरक पुण्याकडच्या लोकांनी नीट समजून घ्यायला हवा. सोसायटी १९६० च्या सहकारी कायद्याखाली नोंदते. अपार्टमेंट, म्हणजे कॉन्डोमिनियम, १९७० च्या महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी कायद्याखाली, घोषणापत्राची नोंदणी होऊन अस्तित्वात येते. तिथे प्रत्येक मालकाला फ्लॅटबरोबर जमिनीत आणि सामायिक भागांत अविभक्त हिस्सा मिळतो. पुणे परिसरात दुसरा प्रकार भरपूर आढळतो. दाव्याच्या वेळी हा फरक अचानक डोके वर काढतो. बेंगळुरूच्या सोभा हिबिस्कस कॉन्डोमिनियमने बिल्डरविरुद्ध ग्राहक मंचात केलेली तक्रार सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली, आणि १४ फेब्रुवारी २०२० ला निकाल लागला की अपार्टमेंट कायद्याने सक्तीने स्थापावी लागणारी संघटना ही ‘स्वेच्छेने स्थापलेली ग्राहक संघटना’ नव्हे, म्हणून तिला त्या नावाने तक्रार करता येत नाही. निकाल कर्नाटकच्या कायद्यावरचा असला तरी आपला कायदा त्याच घडणीचा आहे. मार्ग बंद झाला असे मात्र नाही. रेरात सदनिकाधारकांच्या संघटनेला तक्रारीचा हक्क थेट दिलेला आहे. ग्राहक आयोगात जायचे तर मालकांनी व्यक्तिशः किंवा एकत्र येऊन जावे. अशा संयुक्त तक्रारीला जागा आहे हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये ब्रिगेड एंटरप्रायझेस प्रकरणात सांगितले. पदाधिकाऱ्यांनी अपार्टमेंटच्या लेटरहेडवर घाईने तक्रार ठोकण्याआधी एवढे पाहून घ्यावे.

रेरा की ग्राहक आयोग, या निवडीवर वकिलांची मते वेगवेगळी असतात. घरबांधणी ही ‘सेवा’ आहे आणि सरकारी मंडळही त्यातून सुटत नाही, हे लखनऊ विकास प्राधिकरणाच्या प्रकरणात १९९३ मध्येच ठरले. रेरा आला म्हणून ग्राहकाचा दरवाजा बंद होत नाही, हे इंपिरिया स्ट्रक्चर्सच्या निकालाने नोव्हेंबर २०२० मध्ये पक्के झाले. दोन्हीकडे एकाच मागणीसाठी एकदम धावता येत नाही एवढेच. ग्राहक आयोगात कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे, आणि गळतीच्या बाबतीत कारण नेमके कधी घडले यावरच पहिले सहा महिने खर्ची पडतात. महारेरात शुल्क पाच हजार रुपये, दुरुस्तीचा आदेश प्राधिकरणाकडून, भरपाईचा निवाडा न्यायनिर्णय अधिकाऱ्याकडून. बिल्डरला अपिलात जायचे असेल तर खरेदीदाराला देय असलेली रक्कम व्याजासह आधी भरावी लागते. सर्वोच्च न्यायालयाने न्यूटेक प्रकरणात ११ नोव्हेंबर २०२१ ला ही अट कायम ठेवली, आणि खरेदीदाराच्या हातातले हे मोठे बळ आहे. पैसे न मिळाल्यास जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसुली, म्हणजे वॉरंट जिल्हाधिकाऱ्यांकडे आणि तिथून तहसीलदारांकडे. खरी दमछाक इथे होते. आदेश हाती असूनही वसुलीसाठी खेटे घालणारी कुटुंबे राज्यभर आहेत.

मुदतीच्या भिंतीला मोठे खिंडार पाडणारा निकाल मुंबईचा आहे. समृद्धी सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या सभासदांना १९९७ पासून भोगवटा प्रमाणपत्राशिवाय राहावे लागले. त्यापायी मालमत्ता करात २५ टक्के आणि पाणीपट्टीत ५० टक्के जास्त भरावे लागत होते. राष्ट्रीय आयोगाने दावा मुदतबाह्य म्हणून फेटाळला. सर्वोच्च न्यायालयाने ११ जानेवारी २०२२ ला तो निर्णय फिरवला: प्रमाणपत्र मिळवून देणे हे बिल्डरचे कर्तव्य आहे, ते न करणे हा रोज चालू राहणारा गैरप्रकार आहे, आणि सभासद ग्राहक आहेत. कागदपत्रांच्या, प्रमाणपत्रांच्या, अभिहस्तांतरणाच्या बाबतीत हा निकाल भक्कम आधार आहे. गळणाऱ्या भिंतीलाही तो आपोआप लागू पडेल अशा भरवशावर मात्र कुणी राहू नये.

काँक्रीटचाच दोष असेल तर पाच वर्षे किती तोकडी पडतात हे गुरुग्रामने दाखवले. चिंटेल्स पॅराडिसो संकुलात १० फेब्रुवारी २०२२ ला सहाव्या मजल्यापासून खाली एकावर एक स्लॅब कोसळले आणि दोन महिला दगावल्या. आयआयटी दिल्लीच्या तपासणीत काँक्रीटमध्ये क्लोराइडचे प्रमाण जास्त आढळले. क्लोराइडमुळे आतली सळई गंजते, गंज सळईपेक्षा जास्त जागा मागतो, आणि काँक्रीट आतून फुटते. ही क्रिया वर्षानुवर्षे गुपचूप चालते. दिल्लीत मुखर्जीनगरचे सिग्नेचर व्ह्यू अपार्टमेंट तर सरकारी दिल्ली विकास प्राधिकरणाचे. ३३६ सदनिका, २०१० च्या सुमारास पूर्ण झालेल्या, आणि डिसेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडून नव्याने बांधण्याचा मार्ग मोकळा केला. दीड दशकही न टिकलेले सांगाडे.

म्हणूनच गळती-फरशीला आणि सांगाड्याला एकच पाच वर्षांची मुदत लावणे चुकीचे आहे. फ्रान्समध्ये इमारतीच्या भक्कमपणाची जबाबदारी दहा वर्षे असते आणि १९७८ च्या कायद्यापासून तिचा विमा सक्तीचा आहे; दोष निघाला की आधी विमा कंपनी दुरुस्तीचे पैसे देते, दोष कुणाचा हे नंतर ठरते. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरच्या आगीत २०१७ साली ७२ जण गेल्यावर ब्रिटनने २०२२ च्या कायद्याने जुन्या सदोष घरांसाठी दाव्याची मुदत तीस वर्षे आणि नव्यांसाठी पंधरा वर्षे केली. महाराष्ट्रासारख्या राज्याने, जिथे एकाच जिल्ह्यात लोणावळ्याचा पाऊस आणि बारामतीचे ऊन आहे, सांगाड्यासाठी दहा वर्षांची मागणी केंद्राकडे लावून धरायला हवी. बांधकामाच्या दर्जाचा स्वतंत्र अहवाल बिल्डरने जाहीर करावा असा प्रस्ताव महारेराने २०२३ च्या अखेरीस चर्चेला ठेवला होता. दिशा योग्य आहे, कारण पुट्टीच्या आधी झालेली तपासणी पुट्टीनंतरच्या दहा दाव्यांना वाचवते.

दावा उभा राहतो तो तपासणीच्या कागदांवर. रिबाउंड हॅमर पृष्ठभागाचा अंदाज देतो, अल्ट्रासोनिक चाचणी आतल्या पोकळ्यांचा, हाफ-सेल चाचणी गंजाच्या शक्यतेचा. शेवटचा शब्द कोअरचा: काँक्रीटमधून गोल कांडी कापून काढून दाबाखाली तोडतात. मानक ४५६ प्रमाणे किमान तीन कांड्यांची सरासरी ताकद ठरलेल्या घन-ताकदीच्या ८५ टक्के तरी भरायला हवी आणि एकही कांडी ७५ टक्क्यांच्या खाली जाता कामा नये. हा आकडा न्यायनिर्णय अधिकाऱ्यापुढे ठेवला की ‘मामुली भेगा’ हा शब्दप्रयोग टिकत नाही. कांडी कुठून काढली, कुणासमोर काढली, बिल्डरला आधी कळवले होते का, याची नोंद नसेल तर तोच अहवाल उलटतपासणीत फाटतो. नमुना काढायच्या दिवशी हजर राहण्याची लेखी सूचना बिल्डरला द्यावी. तो आला नाही तर तसा पंचनामा करावा.

पुन्हा सुदुंबऱ्याकडे यायचे तर, ते पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या, म्हणजे पीएमआरडीएच्या हद्दीत येते. प्राधिकरण २०१५ मध्ये स्थापन झाले, पण गावोगाव त्याच्या आधीच्या आणि नंतरच्याही अशा कितीतरी लहान इमारती आहेत ज्या रेराच्या कक्षेत येतच नाहीत. ५०० चौरस मीटरपर्यंतचा भूखंड किंवा आठपर्यंत सदनिका असतील तर नोंदणीची सक्ती नाही. ५०० चौरस मीटर म्हणजे पाच गुंठ्यांहून किंचित कमी. एमआयडीसीत काम करणारी, पहिलेच घर घेणारी कुटुंबे अशाच इमारतींत स्वस्त म्हणून जातात, कधी कधी नुसत्या नोटरीच्या कागदावर. दोष सर्वाधिक तिथे, आणि दाद मागायला सर्वांत कमी जागा तिथे. त्यांच्यासाठी ग्राहक आयोग आणि मोफा एवढेच उरते, तेही करार नोंदणीकृत असेल तर बळकट. या लहान इमारतींना सवलतीतून बाहेर काढणे हे राज्य सरकारच्या हातात आहे, आणि मुदत वाढवण्यापेक्षा ते अधिक तातडीचे आहे.

ज्यांच्या ताब्याला चौथे वर्ष लागले आहे, त्यांनी येता पावसाळा संपण्याची वाट पाहू नये. आत्ताच स्वतंत्र आरसीसी सल्लागाराकडून गच्ची, बाहेरच्या भिंती, पार्किंगच्या तुळया आणि पाण्याच्या टाक्या तपासून घ्याव्यात. मंजूर नकाशे, आरसीसीची रेखाचित्रे, स्थैर्य प्रमाणपत्र आणि भोगवटा प्रमाणपत्र यांच्या प्रती बिल्डरकडून लेखी मागाव्यात. प्रत्येक दोषाची जागा, तारीख आणि फोटो जोडून कलम १४(३) चा उल्लेख असलेली नोटीस पोचपावतीसह स्पीड पोस्टाने आणि ईमेलनेही पाठवावी. ती पोचलेल्या दिवसापासून तीस दिवस मोजावेत, आणि एकतिसाव्या दिवशी तक्रार दाखल करावी.